रविवारच्या चादरी

प्रिय बाबा,

माझं अक्षर बघून तुम्ही आधी घाबरणार, मग चष्मा शोधणार आणि मग बासिलला विचारणार की तुझ्या बहिणीला फोन करायला काय झालं होतं. काही झालेलं नाही. आम्ही सगळे धडधाकट आहोत. पण फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे मी एक वाक्य म्हणायचं, तुम्ही त्यावर दहा ऐकवायची, आणि माझं दुसरं वाक्य पोटातच राहायचं. तिकडे सीरियात, हमाच्या शाळेत शिकवताना पोरांचंही तुम्ही असंच करायचात म्हणे. कागदाला मधेच तोडता येत नाही, म्हणून हा कागद. आम्ही सामान कधी बांधतोय, बोट कधीची, जर्मनीत तुमच्याकडे डॉर्टमुंडला कधी पोचतोय, हे तुम्हाला सगळ्यांत आधी हवंय ते मला ठाऊक आहे. त्यावर येतेच. पण आधी तुम्हाला एका एडक्याची गोष्ट ऐकावी लागेल.

ग्लासगो आम्ही का सोडलं हे मी तुम्हाला धड कधी सांगितलंच नाही. तुमच्या जावयाला, मुन्झिरला, इथे लुईस बेटावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं काम मिळालं म्हणून, एवढंच सांगितलं. ते खरंच आहे. पण त्याच्या आधी एक दिवस बसमध्ये होता. चांगल्या घरची दिसणारी एक बाई तिच्या मुलीला म्हणाली, तिथे बसू नकोस, हे लोक अंघोळ करत नाहीत. मला इंग्रजी नीट कळलं नाही. माझ्या पोरीला, तस्नीमला कळलं. घरी पोचेपर्यंत ती आपल्या स्वेटरची बाही नाकाशी धरून हुंगत होती. एवढंसं पोरगं. मी तिला काय विचारू आणि काय सांगू? त्या दिवशी मी मुन्झिरला म्हटलं, चल त्या तुझ्या बेटावर.

तोरनिश हे आमचं गाव म्हणजे समुद्राला लागून असलेली घरांची एक रांग, मागे दलदल, पुढे रस्ता, रस्त्याच्या टोकाला चर्च. आमच्या शेजारच्या घरात टॉर्कविल राहतो आणि त्याची थोरली बहीण पेगी. दोघंही सत्तरीच्या पलीकडचे. टॉर्कविल चर्चच्या पंचांपैकी एक आणि बारा महिने तेरा काळ मेंढरांच्या मागे. आम्ही आलो त्या दिवशी त्याने न विचारता दारात दलदलीतून कापून वाळवलेल्या, इथे चुलीत सरपणासारख्या जाळतात त्या मातीच्या विटांचा ढीग रचून दिला. पेगीने बटाटे आणले. कुणी मासे ठेवून गेलं, कोण ते आजतागायत कळलेलं नाही. मी खजूर भरून आपली मआमूल बिस्किटं केली आणि ज्याच्या त्याच्या थाळ्या भरून परत पाठवल्या. मुन्झिर म्हणाला, नुहा, आपण हमात तर येऊन पडलो नाही ना?

ते सुख फार टिकलं नाही. महिना सरला असेल नसेल, पेगी माझ्याकडे बघेनाशी झाली. समोर आली की मान डोलवायची, पण नजर जमिनीवर. दुकानात बायका बोलत असायच्या, मी आत गेले की पावाच्या किमतीवर यायच्या. आणि रविवार तर बघवत नसे. दुपारी अख्खं गाव काळे कोट, काळ्या टोप्या घालून आमच्या घरावरून चर्चला जायचं. मी अंगणातून हात हलवायची. माणसं अशी खाली मान घालून जायची की जणू माझ्या दारात मयत झाली आहे.

आता मी अंगणात काय करत असायची ते सांगते. कपडे वाळत घालायची. शनिवारी मुन्झिर कामावर, आठवड्यात पोरींची शाळा, म्हणून रविवार हा आमचा धुण्याचा दिवस. आणि खोटं कशाला बोलू, मी मुद्दाम घालायची. गाव चर्चला निघायच्या आत माझी दोरी भरलेली असली पाहिजे, असा माझा हट्ट. पुढच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल अशा, सगळ्यांत पांढऱ्या चादरी. आईने कडेला भरतकाम केलेली लग्नातली चादर अगदी पुढे. मनात एकच: बघा म्हणावं, आम्ही अंघोळ करतो का नाही ते. ते जितकी मान खाली घालायचे तितकी मी पुढच्या रविवारी जास्त घासायची. हात सोलवटले, बाबा. निळीची अख्खी बाटली मी महिन्यात संपवली.

मग झोपाळ्याचं झालं. गावच्या सभागृहामागे एक झोपाळा आहे. एका रविवारी तस्नीम धाकट्या लीनला घेऊन तिकडे गेली आणि दोघी लगेच परत आल्या. झोपाळा वरच्या दांडीला दोराने आवळून बांधलेला. काल तो सुटा होता, काल त्या खेळल्या होत्या. तस्नीम रडली नाही. ती शांतपणे म्हणाली, "आपण बसलो म्हणून बांधला असेल." आणि ती हात धुवायला गेली.

त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला. आठवतंय ना? मी म्हटलं, बाबा, इथेही तेच आहे. आणि तुम्ही अकराव्या शतकापासून सुरुवात केलीत. फिरंग्यांनी जेरुसलेमला काय केलं इथून धर्मयुद्धाला निघून, मग अन्ताकिया, मग फ्रेंचांनी दमास्कसवर टाकलेले बॉम्ब, करत करत तुम्ही आमच्या झोपाळ्यापर्यंत आलात. म्हणालात, नऊशे वर्षं ज्यांना समजलं नाही त्यांना तुझ्या मआमूलने काय समजणार? मलाही ते पटलं. आठवड्याभरात बासिलने तुमच्याच गल्लीत, खाली आपल्या माणसाचं भाकरीचं दुकान असलेलं घर बघून ठेवलं. हिवाळा सरला की यायचं, असं ठरलं. मुन्झिरने मालकाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

आता एडका.

इथल्या वाऱ्याबद्दल मी तुम्हाला सांगणार नाही, तुमचा विश्वास बसणार नाही. त्या रविवारी तो सकाळपासूनच माजलेला होता, पण मीही हट्टाला पेटलेली. चादरी दुहेरी चिमटे लावून घातल्या आणि पोरींना जेवायला वाढायला आत गेले. बाहेरून लीन ओरडली. खिडकीतून बघते तो आईची चादर दोरीवरून सुटलेली, आणि टॉर्कविलचा मोठा एडका कुंपणापाशी चरत होता, ती बरोबर त्याच्या शिंगांवर जाऊन बसलेली. एडक्याला काहीच दिसेना. तो जो उधळला तो कुंपण तोडून सरळ रस्त्यावर. पुढे काळे कोट घातलेलं गाव, त्यांच्या मधून पदर घेतलेल्या नवरीसारखा हा एडका धावतोय, आणि त्याच्या मागे एका हाताने टोपी आणि एका हाताने बायबल धरलेला टॉर्कविल. कुणी हसलं नाही, बाबा. एक माणूस हसला नाही. माणसं नुसती बाजूला होत गेली. एडका चर्चच्या पायरीवर जाऊन थांबला आणि आत येऊ का विचारल्यासारखा ओरडला.

मी पडदा ओढला. मुन्झिर म्हणाला, आता हिवाळा सरायची वाट बघायला नको.

सोमवारी संध्याकाळी दार वाजलं. टॉर्कविल. हातात चादर, धुतलेली, इस्त्री करून घडी घातलेली. म्हणाला, पेगीने धुतलीय, शिंगाने एक कोपरा फाटला होता तोही तिने रफू केलाय. मी आभार मानले आणि दार लावायला लागले. पण तो हलेना. टोपी हातात गोल गोल फिरवत राहिला. इंग्रजी माझी उसनी आणि त्याचीही. घरी तो इथल्या जुन्या गेलिक भाषेतच बोलतो. शेवटी म्हणाला, "एक बोलायचं होतं. फार दिवस झाले. ते कापड तेवढं रविवारी घालू नका."

बाबा, माझा हात आपोआप डोक्यावरच्या रुमालावर गेला. इतके दिवस ज्याची वाट बघत होते ते आलं, असं वाटलं. आणि खरं सांगू, भीती गेली. मी म्हटलं, "मी ते काढणार नाही."

"काढा कोण म्हणतंय? सोमवार ते शनिवार खुशाल घाला. आम्ही कधी काही म्हटलं? फक्त रविवारी नको."

"सहा दिवस घालायचं आणि सातव्या दिवशी उघडं फिरायचं?"

तो गोंधळला. "उघडं कशाला फिराल? घरात दुसरी असतीलच की."

"दुसरी आहेत. पण घालायचं म्हणजे रोज घालायचं. माझी आई घालायची, आजी घालायची. रविवार असो नाहीतर आणखी कुठला वार."

"आजीसुद्धा?" त्याचा चेहरा पडला. "मग पेगी म्हणते तेच खरं. तो तुमचा धर्मच आहे."

"आहेच मुळी."

"धर्म असेल तर मी बोलणारा कोण," तो म्हणाला, आणि खरोखर दुःखाने म्हणाला. "पण निदान घराच्या मागच्या बाजूला घाला. पुढे घातलं की रस्त्यावरून सगळ्यांना दिसतं."

"डोक्यावरचं मागच्या बाजूला कसं घालणार?"

"डोक्यावरचं?"

त्याने माझ्या डोक्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या चादरीकडे. मग सावकाश हात उचलून त्याने अंगणातली दोरी दाखवली. "मी त्या धुण्याबद्दल बोलतोय, पोरी."

मी दारातच बसले. आधी मला वाटलं मी रडतेय, पण ते हसू होतं. थांबेचना. मग टॉर्कविलच्याही तोंडातून गंजलेलं फाटक उघडल्यासारखा आवाज यायला लागला. तेही हसूच होतं. तो दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला की काल एडका पायरीवर ओरडला तेव्हा आपण पोटातलं हसू दाबून तीन स्तोत्रं म्हटली, आणि ते आयुष्यातलं सर्वांत अवघड काम होतं. मुन्झिर आतून धावत आला. त्याला वाटलं कुणी कुणाला मारतंय.

मग पेगीला बोलावून आणलं आणि चहावर सगळं बाहेर आलं. त्यांच्याकडे रविवारी काम म्हणून करायचं नाही. धुणं नाही, गवत कापणं नाही, दुकान नाही. जेवणसुद्धा शनिवारी करून ठेवायचं. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की जगात हे कुणाला ठाऊक नसेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. झोपाळा दर शनिवारी संध्याकाळी बांधतात, टॉर्कविल लहान होता तेव्हापासून. एकदा त्याने दोर कापला म्हणून बापाने त्याला बडवला होता. आमच्या पोरी त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या हेही त्याला माहीत नव्हतं.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाही? तेव्हा दोघं एकमेकांकडे बघायला लागले. पेगी म्हणाली, तुम्ही यायच्या आधी शहरातून निर्वासितांचं काम बघणारी एक बाई आली होती. सभागृहात सगळ्यांना बसवून तिने सांगितलं, यांच्या धर्माबद्दल काही बोलू नका, काही विचारू नका, टक लावून बघू नका. गावाने ते अक्षरशः पाळलं. म्हणून मान खाली. काहींना वाटलं आम्ही रविवारची मुद्दाम टर उडवतोय, म्हणून धुणं रोज नाही, नेमकं चर्चच्या वेळी. पण पेगीने त्यांना दटावलं होतं. तिचं म्हणणं, शुक्रवारी हे नमाज पढतात, तसंच रविवारी पांढरं कापड वाऱ्यावर सोडत असतील, गेलेल्या माणसांसाठी. बिचाऱ्यांची किती माणसं गेली असतील लढाईत. आणि ती जाता जाता सहज म्हणाली, "पण काय पांढऱ्या असतात गं त्या चादरी. आमच्या गावात कुणाच्या नाहीत तशा. मी घरी येऊन माझ्या बघायची आणि मला लाज वाटायची."

तेव्हा मात्र मी रडले. तिला कळेना काय झालं. मुन्झिरने तिला बसमधली गोष्ट सांगितली. पेगी उठून आमच्या बाजूला आली. मग तिने तस्नीमला जवळ ओढलं आणि तिच्या बाहीवर ओठ टेकले. इथले लोक असं काही करत नाहीत, बाबा. हात मिळवला तरी खूप.

तुम्ही म्हणाल, धुण्याच्या दोरीने नऊशे वर्षं पुसली जात नाहीत. नाही जात. दुकानातला एक माणूस अजून सुटे पैसे माझ्या हातात न देता फळीवर ठेवतो, आणि त्याचं कारण धुणं नाही. पण आता तो एक माणूस आहे. आधी मला अख्खं गाव म्हणजे तोच वाटायचं. आणि त्या बसमधल्या बाईला आपण सगळे एकच वाटत होतो, तसंच की हे.

मीही काय काय धरून बसले होते, ते तुमच्याकडूनच शिकलेले, रागावू नका. यांना देवधर्म नाही, म्हातारे आईबाप यांना जड होतात, घरात माया नाही. टॉर्कविल आणि पेगीची आई नव्वदी ओलांडून गेली, ती याच घरात, चुलीजवळच्या खाटेवर; पेगीने तिच्यासाठी लग्न केलं नाही. आणि पेगीला वाटायचं की मुन्झिर मला कोंडून ठेवतो. मी फारशी बाहेर पडत नव्हते ते वाऱ्याला भिऊन! ती स्वतः चर्चला टोपीशिवाय कधी जात नाही. मी म्हटलं, मग तुमचंही डोकं झाकलेलंच. तर म्हणते, ते वेगळं.

टॉर्कविल आता दर बुधवारी येतो, वाद घालायला. पहिल्यांदा त्याने फार चाचरत विचारलं की तुम्ही येशूला अगदीच मानत नाही का. मी सांगितलं, पैगंबर म्हणून मानतो आणि त्याच्या आईच्या नावाचा अख्खा एक अध्याय आहे कुराणात. त्याने कप खाली ठेवला. सत्तर वर्षं चर्चला जातोय, म्हणाला, हे मला एकानेही सांगितलं नाही. मग तो घरी गेला आणि दुसऱ्या बुधवारी मुद्दे काढून आला. त्याचं ठाम मत आहे की आम्ही नरकात जाणार. मुन्झिरला त्याच्याबद्दल तीच काळजी आहे. दोघं एकमेकांना नरकात धाडतात आणि मग एकमेकांच्या ताटलीत मआमूल वाढतात. मला पहिल्यांदा धास्ती वाटली होती, पण शहरातल्या गोड बोलणाऱ्या लोकांपेक्षा मला हे बरं वाटतं. ते लोक आमच्या धर्माला मान देतात म्हणजे त्याबद्दल कधी विचारत नाहीत. टॉर्कविलला तो इतका खरा वाटतो की त्याची झोप उडते.

रमजान आला तेव्हा पेगीने लगेच ओळखलं. त्यांच्याकडेही वर्षातून काही गुरुवार उपासाचे असतात. इफ्तारची वेळ मुन्झिर मोबाइलवर बघायचा. टॉर्कविलला ते पटेना. सूर्य आमच्या समोर समुद्रात बुडतो आणि तुम्ही डबीत काय बघता? तो कुंपणावर उभा राहायचा आणि सूर्य गेला की मेंढरांची बादली काठीने बडवायचा. ढग असले तर मात्र मुकाट्याने म्हणायचा, आज डबी बघा. एका रविवारी मी चर्चच्या बाहेरून चालले होते. आत ते गात होते. वाद्य नाही, काही नाही. एक माणूस ओळ उचलतो आणि मग सगळे ती आपापल्या गळ्याने ओढत नेतात, लाटेसारखी. शब्द एक कळत नव्हता. मी भिंतीशी उभी राहिले, आणि मला तुमचं पहाटेचं कुराण आठवलं, आई स्वयंपाकघरात असताना तुम्ही म्हणायचात ते.

तर बाबा, आता ते, ज्यासाठी हा कागद घेतला. बासिलला सांगा ते घर दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. आम्ही येत नाही. मुन्झिरचा पगार तिथे जास्त असता, भाकरी आपली असती, मला माहीत आहे. तस्नीम आता गेलिकमध्ये भांडते आणि हात नेहमीसारखेच धुते, जास्त नाही. तुम्ही रागावाल, म्हणून फोनवर धीर झाला नाही. पण एक विचारते. सात वर्षं झाली तुम्हाला तिथे. ती गल्ली आपली, कॉफी आपली, बाकावर शेजारी बसणारे म्हातारेही आपलेच, आणि तुम्ही बोललात की सगळे माना डोलावतात. आई गेल्यापासून तुम्हाला उलट बोललेलं कुणी मी ऐकलं नाही. बासिल म्हणतो तुम्ही हल्ली फारसे बोलतच नाही. म्हणजे माझ्या वाट्याची दहा वाक्यं तेवढीच. तुमचं जेरुसलेम मी टॉर्कविलला सांगितलं. तो म्हणतो, त्या लढाईला आमच्या बेटावरून कुणी गेलं नव्हतं, आम्ही तेव्हा एकमेकांचीच गुरं पळवण्यात गुंतलो होतो. पण तुझ्या बापाचं तारखांचं गणित चुकतंय आणि ते मी त्याला तोंडावर सांगीन. खोली तयार आहे, खिडकी समुद्राकडे. व्हिसाचे कागद मुन्झिर बघतो. उन्हाळ्यात या, बाबा. इथे तुमच्याशी भांडायला माणूस आहे.

उत्तराची नाही, तुमचीच वाट बघणारी,
तुमचीच
नुहा